न मोडलेली पिन

आमच्या तव्यावर सकाळी भाकरीच्या आधी प्लग पडायचा. धरणाच्या दमट वाऱ्यात रात्रभर राहिलेल्या होडीच्या इंजिनाचा प्लग अण्णा पान्याने काढून आणायचे, पेट्रोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने घासायचे आणि तापलेल्या तव्याच्या कडेला उभा करून ठेवायचे. आई पीठ मळता मळता म्हणायची, "आधी तुमच्या थोरल्या लेकाला जेवू घाला, मग आमचं बघा." अण्णा हसायचे. ओला प्लग ठिणगी टाकत नाही आणि गरम प्लग लावला की इंजिन दुसऱ्या ओढीला धरतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या भाकरीला पेट्रोलचा वास यायचा, म्हणून ती भाकरी अण्णाच खायचे. चिलापी माशाचा लालभडक रस्सा, त्यात ती कुस्करलेली भाकरी आणि बोटांच्या रेघांमध्ये बसलेलं काळं ऑइल. वडिलांच्या हाताचा मला आठवणारा वास हा असा आहे, आणि पुढे अनेक सभांमधून अनेक थोर माणसांचे हात हातात घेतले, पण तो वास कुठल्याच हाताला आला नाही.

आमचं मूळ गाव जायकवाडीच्या फुगवट्यात गेलं, तेव्हा अण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे तात्या, पोरसवदा होते. नेवासा तालुक्यातल्या ज्या उघड्या माळावर सगळ्यांना आणून टाकलं, तिथून पाणी दिसायचं. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांना रोज त्याच पाण्याकडे तोंड करून दात घासायला लावणं, हा सरकारी विनोद आमच्या वाट्याला आला. निम्मं गाव या बाजूला आणि निम्मं गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पल्याड. सडकेने जायचं तर लांबून पुलावरून वळसा, एसटीची वाट बघण्यात दिवस जायचा. पाण्यावरून जायचं तर भाकर खाऊन होईस्तोवर पोचता यायचं. म्हणून दोघा भावांनी होडी बांधून घेतली आणि कोकणातल्या कुठल्याशा बंदरावरून मोडीत निघालेलं इंजिन आणून तिच्या पाठीमागे लटकवलं. त्याला आउटबोर्ड म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आमच्याकडे त्याला सगळे 'औटबोट' म्हणायचे.

ते टू-स्ट्रोक इंजिन होतं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, कमी पडलं तर इंजिन जळतं, जास्त झालं तर धुराने माणसं खोकतात. पल्याडच्या बायका उतरताना पदराने तोंड पुसत म्हणायच्या, "अण्णा, तुमच्या होडीत बसलं की न्हायलेलं वाया जातंय बघा." सुटे भाग मिळायचे नाहीत, कारण ते बनवणाऱ्यांनी ते इंजिनच बंद केलं होतं. मग प्लग लुनाचा, कार्बोरेटरची सुई स्कूटरची, पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी चक्र साखर कारखान्यातल्या फेकून दिलेल्या पट्ट्यातून कापलेलं. गॅस्केटसाठी अण्णा संघटनेच्या पुस्तिकांची जाड कव्हरं वापरायचे. ती ऑइलमध्ये भिजवून, कात्रीने गोल कापून दोन लोखंडांच्या मध्ये बसवायची. तात्या म्हणायचे, "वाचायला न्हाई तर न्हाई, दाबायला तरी कामाला आली तुजी पत्रकं."

पत्रकं घरात सगळीकडे होती. अण्णा धरणग्रस्तांच्या संघटनेचं काम करायचे आणि तालुक्याला छापलेली पत्रकांची बंडलं आमच्या घरी उतरायची. भिंतींना तीच चिकटवलेली, फळीवर तीच अंथरलेली. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. 'ग' गवताचा नव्हे, माझा 'ग' गुलामगिरीचा होता. माझं नावसुद्धा अण्णांनी पत्रकातूनच उचललं: क्रांती. तात्यांना त्याची फार गंमत वाटायची. जेवायला बसले की ओरडायचे, "क्रांते, भाकर वाढ गं! आन कोरड्यास सांडू नको. मागल्या बारीला क्रांती झाली तवा निम्मं आमटीचं भांडं आडवं झाल्तं." त्यांचं लग्न झालं नव्हतं. इंजिनाशीच लागलंय असं आई म्हणायची. अण्णा इंजिन समजून घ्यायचे, तात्या ते ऐकायचे. अंगणात पाण्याने भरलेल्या लोखंडी पिंपात इंजिनाचा पंखा बुडवून ते चालू करायचे, डोळे मिटायचे आणि स्क्रूवर दोन बोटं ठेवून आवाज एकसारखा होईपर्यंत फिरवत राहायचे. पिंपातलं पाणी उसळून आईच्या वाळवणावर पडायचं आणि मग दोघांचं भांडण जुंपायचं.

आता त्या पिनेविषयी सांगायला हवं. पंखा आणि त्याचा दांडा यांच्यामध्ये एक आडवी पितळी पिन असते, करंगळीच्या पेराएवढी. पंखा पाण्याखाली कशावर आदळला की ती मोडते, पंखा सैल होतो आणि वरचं इंजिन वाचतं. मोडणं हेच तिचं काम. आमच्याकडे तिला 'बिचारी' म्हणत. हे नाव आईने ठेवलं होतं. आमच्या पाण्यात बिचाऱ्या फार मरायच्या, कारण खाली अख्खं गाव होतं. बाभळींची खोडं, विहिरींचे काठ, गोठ्यांच्या मेढी, सगळं तिथंच उभं होतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर यायचं. जुन्या स्टोव्हच्या पितळी दांड्या कापून अण्णा बिचाऱ्या घडवायचे आणि डब्यात भरून होडीत ठेवायचे. पाण्याच्या मध्यात इंजिन एकदम किंचाळलं आणि होडी थांबली की लोक समजायचे, "बिचारी गेली." तात्या इंजिन तिरपं करून, पाण्याकडे झुकून नवी बसवायचे आणि तेवढ्या वेळात होडीतली म्हातारी माणसं खाली बोट दाखवून भांडायची, ही बाभळ कुणाच्या बांधावरची.

त्या वर्षी पाणी लवकर उतरलं. पल्याडहून एक वऱ्हाड आणायचं होतं, लग्न आमच्या बाजूला. अण्णा मोर्चासाठी नगरला गेलेले, होडीवर तात्या एकटे. नवरदेव मुंडावळ्या बांधून पुढे बसलेला, करवल्या मध्ये, मागे बँडवाले ताशासकट. मध्यात बिचारी गेली. तात्यांनी दुसरी बसवली, थोडं पुढं गेल्यावर तीही गेली. डब्यात हात घातला तर डबा रिकामा. वाऱ्याने होडी भलतीकडेच निघाली. बांबूने रेटत, हाताने पाणी मारत वऱ्हाड काठाला लागलं तेव्हा गोरज मुहूर्त टळून गेला होता. नवरदेवाचा मामा चिखलात उतरता उतरता सगळ्यांसमोर म्हणाला, "आरं, बिचारी पिन न्हाई, बिचारा तू हायेस! बायकू न्हाई म्हणून मुहूर्ताची किंमत न्हाई तुला." लोक हसले. बँडवाल्याने ताशावर एक टिपरू मारलं, त्यावर आणखी हसले. तात्याही हसले. त्यांचं हसणं मला बरं वाटलं नाही, एवढं मला आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून बिचारी मोडायची थांबली. एकदाही नाही. तात्या शीळ घालत होडी हाकायचे. कुणी विचारलं तर मिशीवरून बोट फिरवायचे, "आता बिचारी न्हाई बसवली. आता पैलवान बसवलाय." वेल्डिंगवाल्याकडून त्यांनी पोलादी ड्रिलचा तुकडा कापून आणला होता आणि पितळेच्या जागी तो ठोकला होता. खोडांवर पंखा आदळायचा, होडी थरथरायची, पण थांबायची नाही. लोकांना ते फार आवडलं. मलाही आवडलं असणार. मोडेन पण वाकणार नाही, झुकणार नाही, थांबणार नाही, हीच माझी बाराखडी होती.

मग एका सकाळी, दुधाचे कॅन आणि पल्याडच्या हायस्कूलला जाणाऱ्या मुली घेऊन निघालेली होडी बुडालेल्या गावातल्या एका विहिरीच्या काठावर आदळली. पोटातून हाड मोडावं तसा आवाज आला. इंजिन चालूच राहिलं, पण पंखा फिरेना, नुसती आत खरखर. मच्छीमारांनी ओढून आणलं. अण्णा घरी होते. त्यांनी इंजिन अंगणात आडवं घातलं, खालच्या डब्याचा बोल्ट काढला आणि ऑइल परातीत ओतलं. त्यात चांदीच्या वर्खासारखा चुरा चमकत होता. डबा उघडला तर गिअरचे दात झडलेले, दांड्याला पीळ पडलेला. शेवटी त्यांनी पंखा काढला आणि पोलादी तुकडा बाहेर आला. त्यावर ओरखडाही नव्हता.

अण्णांनी तो तळहातावर ठेवला. तात्या पिंपाला टेकून उभे होते.

"कुणी घातली?"

"म्या."

"का रं?"

"लोकं हसत्यात, अण्णा."

अण्णांनी तो तुकडा धोतराने पुसला आणि तात्यांच्या हातात दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आई पुढे अनेकदा म्हणाली. तात्या शिव्यांना तयार होऊन उभे होते. त्या पुसलेल्या तुकड्याला ते तयार नव्हते.

त्यानंतर शोध सुरू झाला. तुटलेला गिअर फडक्यात बांधून अण्णा नगरच्या लेथवाल्यांकडे फिरले. एकाने दात कापून दिले. पिंपात इंजिन चाललं, पाण्यात भार पडताच पुन्हा चुरा. लेथवाला म्हणाला, "आकार देता येतो अण्णा, कस देता येत नाही." पुण्याचा जुना बाजार झाला, कोकणातल्या बंदरांवर ओळखीपाळखीने निरोप गेले. कुणी म्हणायचं होता, मागच्याच आठवड्यात भंगारात दिला. कुणी नवं फोर-स्ट्रोक घ्या म्हणायचं. होडी काठावर उपडी घातली. मुली आठवडाभर एसटीने गेल्या, मग दोघी-तिघी घरी बसल्या, मग सगळ्याच. दूधवाल्याने गाई विकायला काढल्या. लोक सकाळी येऊन उपड्या होडीवर बसायचे आणि पलीकडे बघत राहायचे. तात्या त्यांच्यात बसत नसत. ते घरातही पाठ करून जेवायचे, आणि "क्रांते" अशी हाक ऐकू येईना झाली.

एके दिवशी ते गेले आणि काही दिवसांनी परत आले, काखेत गोणपाटाचं गाठोडं. ओट्यावर उघडलं. गिअर होता. ग्रीस लावलेला, सगळे दात शाबूत, आमच्याच इंजिनाचा. अण्णांनी तो उचलला, उन्हात फिरवून पाहिला आणि त्यांचा चेहरा जो फुलला तो मला अजून दिसतो. त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "आरं नाम्या! कुठं घावला?"

तात्यांनी खाली बघत एक नाव घेतलं. ते इथे लिहीत नाही. आमच्या फुगवट्यात बोटी घालून वाळू उपसणारा माणूस. त्याच्या माणसांची आणि डिझेलची ने-आण करायला दोन फायबर बोटी होत्या आणि आमच्यासारखंच एक इंजिन सुट्या भागांसाठी पडून होतं. त्याने गिअर दिला होता, बदल्यात तात्यांनी उन्हाळाभर त्याची इंजिनं सांभाळायची.

अण्णांनी गिअर गोणपाटावर ठेवला. अगदी हळू, जणू झोपलेलं मूल. वाळूच्या खड्ड्यांवर त्यांनी स्वतः पत्रक लिहिलं होतं. गुडघाभर पाण्यात धुणं धुणारी बाई एका पावलावर वीस हात खोल जाते, नदीच्या पोटात हे लोक विहिरी खणतायत, असं त्यात होतं. ते वाटणाऱ्या पोरांना त्याच माणसाच्या माणसांनी मारलं होतं.

"हे माघारी दे."

"अण्णा, पोरी घरी बसल्यात."

"ठावं हाय."

"म्या मोडलं, म्या आणलं. तुला काय करायचं न्हाई, फकस्त बसवायचं."

"त्यांच्या लोखंडावर माझी होडी चालायची न्हाई, नाम्या."

आई चुलीपासून उठून आली. "आवं, लोखंडाला काय जात असती व्हय?"

"लोखंडाला नसती. द्येणाऱ्या हाताला असती."

आई म्हणाली, "मग घेणाऱ्या हाताचं काय? त्यो तर तुमच्या भावाचा हाय."

तात्यांनी गाठोडं बांधलं. जाताना अण्णांकडे बघून एकच बोलले, "तुजं बरं हाय. तू कधी चुकतच न्हाई." आणि गेले. गिअर परत दिला तरी शब्द दिलेला होता, म्हणून कामाला राहिले. वाळूच्या बेटावर पत्र्याच्या खोपीत ते राहू लागले.

वाचणाऱ्याला वाटेल की आता मी अण्णांचा हेका चुकीचा होता असं म्हणेन. नाही म्हणणार. मी त्या दिवशी अण्णांच्या बाजूची होते आणि आज, एक छोटं साप्ताहिक चालवताना, त्याच वाळूवर लिहिलं म्हणून दोनदा खिडक्या फुटल्यावरही, मी अण्णांच्याच बाजूची आहे. तो गिअर मीही बसवला नसता. खरं असणं आणि घर शाबूत राहणं या दोन गोष्टी एकाच दिवशी मिळतात असं फक्त पत्रकात असतं, आणि पत्रकाला शेवटी एकच पान असतं. मला अण्णांचं 'नाही' सलत नाही. त्यानंतरचं गप्प राहणं सलतं. दोघे भाऊ एकाच पाण्याच्या दोन काठांवर राहिले आणि उन्हाळाभर एकमेकांशी बोलले नाहीत. वारा इकडचा असला की वाळूवाल्यांच्या बोटीचा आवाज यायचा. अण्णा जेवता जेवता थांबायचे. घास हातात धरून ऐकायचे आणि मग पुन्हा जेवायला लागायचे.

पाऊस यायच्या आधीच्या दिवसांत एक मच्छीमार सकाळी धावत आला. वाळूवाल्यांच्या बोटीच्या पंख्यात जाळं गुंडाळलं, ते कापायला तात्या सुरी घेऊन पाण्यात उतरले. कमरेएवढं पाणी होतं. जाळं कापून त्यांनी हात वर केला, "फिरव आता," म्हणाले, एक पाऊल मागं टाकलं आणि खड्ड्यात गेले. पोहणारा माणूस, पण कडेची वाळू वरून ढासळली. तलाठी, पोलीस येणार म्हणून वाळूवाल्यांनी सगळ्या बोटी घेऊन धूम ठोकली होती. शोधायला पाण्यावर एकही इंजिन नव्हतं.

अण्णांनी उपडी होडी सुलटी केली. दोन महिने उन्हात तापलेली, फटी पडलेली. आईने त्यात चिंध्या कोंबल्या. वल्ही घेऊन अण्णा, आई, मी आणि तो मच्छीमार निघालो. इंजिनाने जिथं सहज जायचो तिथं पोचायला दुपार झाली. मी पाणी उपसत होते आणि अण्णा वल्हवत होते, हाताची सालं निघाली तरी वल्हं सोडलं नाही. मच्छीमारांनी गळ टाकले होते. ऊन कलताना तात्या मिळाले. त्यांना होडीत घेतलं तेव्हा केसांतून, कानांतून, खिशांतून वाळू गळत होती, बारीक, स्वच्छ, शहरातल्या इमारतींना लागते तशी. आईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदराने कानातली वाळू काढायला लागली, लहान मुलाचे कान पुसतात तशी.

परतीचा वारा उलटा होता. होडी पुढं जाईना. तेवढ्यात मागून आवाज आला. वाळूवाल्यांची एक फायबर बोट. त्यावर एकच माणूस, तात्यांबरोबर खोपीत राहणारा, बाकी सगळ्यांबरोबर पळून गेलेला आणि एकटाच परत फिरलेला. तो दहा हातांवर थांबला. जवळ यायची त्याची छाती होईना.

"अण्णा," तो म्हणाला, "दोर टाका. वढून नेतो."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. मला त्याच्या तोंडावर थुंकायचं होतं. मी म्हणाले, "अण्णा, आपण वल्हवू. मी मारते वल्हं." आई कानातली वाळू काढत होती.

अण्णांनी वल्हं आत घेतलं. वाकून होडीच्या टोकाचा दोर सोडवला, त्याची गुंडाळी केली आणि त्या माणसाकडे फेकली.

बोट चालू झाली. दोर ताणला गेला. ते इंजिन आमच्यासारखंच होतं, तितकंच जुनं, पण धूर नाही, खरखर नाही, थेट काठापर्यंत एकसारखा, गोल आवाज. उन्हाळाभर कुणीतरी डोळे मिटून, स्क्रूवर दोन बोटं ठेवून तो लावला होता. अण्णा भावाच्या पायांशी बसले होते. ते रडत नव्हते. मान थोडी कलती करून ते ऐकत होते.

"लई चांगलं लावलंय," ते म्हणाले. आणि मग तात्यांच्या पायावर हात ठेवून, त्यांनाच, पुन्हा एकदा: "लई चांगलं लावलंस, नाम्या."